ड्रमवादकाची बैठक कशी निवडावी?

प्रश्न : ड्रमचा सराव साध्या स्टुलावर बसून केल्यास तासाभरात कंबर भरून येते. आरामदायी आणि टिकाऊ बैठक कशी निवडावी? – एक वाचक, गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ड्रमवादकाचा उजवा पाय सामान्यतः बेस ड्रमच्या आणि डावा हाय-हॅटच्या, म्हणजे जोड-झांजेच्या, पेडलवर सतत हालत असल्यामुळे शरीराचा बहुतेक भार बैठकीवर येतो; म्हणूनच ‘ड्रम थ्रोन’ ही उंची बदलता येणारी तिपाई स्टुलापेक्षा महत्त्वाची ठरते. तिची उंची अशी ठेवावी की मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील, कारण बैठक फार खाली असल्यास कंबरेला बाक येतो.

गोल गादी सुटसुटीत असते, तर खोगिराच्या आकाराच्या गादीचा पुढचा भाग निमुळता असल्याने मांड्या मोकळ्या राहतात. अंगठ्याने दाबताच तळाची फळी हाताला लागत असेल, तर तो फोम लवकर बसतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रेक्झिनपेक्षा कापडी आवरण बरे.

टिकाऊपणासाठी दुहेरी पट्ट्यांचे पाय आणि आट्यांचा दांडा पाहावा. खिळीने अडकवायच्या दांड्याची भोके झिजून बैठक डुगडुगू लागते, शिवाय उंचीही ठरावीक टप्प्यांतच बदलते. खरेदीपूर्वी बसून दोन्ही टाचा उचलाव्यात आणि तोल सावरावा लागतो का, हे तपासावे. बैठक बदलूनही दुखणे पायात उतरत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.