हेडफोनचा छंद आणि कानाची पुंजी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक आजीबाई तापाने फणफणून दवाखान्यात आल्या होत्या. त्यांच्या काखेत डिजिटल थर्मामीटर ठेवून मी सुनेशी बोलत होतो. मध्येच सून म्हणाली, "डॉक्टर, वाजला की तो." कंपाउंडरनेही मान डोलावली. ऐकू आले नव्हते ते फक्त दोघांना, आजीबाईंना आणि मला. त्यांचे वय पंचाहत्तर, माझे पंचावन्न.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञ वर्गमित्राकडे जाऊन कानाचा आलेख काढून घेतला. दोन्ही कानांच्या रेषा ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यासारख्या खाली गेल्या होत्या. नुसत्या वयामुळे कमी होणारे ऐकू येणे हळूहळू उतरत जाते. असा खड्डा बहुधा मोठ्या आवाजाने पडतो. मित्राने एकच प्रश्न विचारला, "हेडफोन रोज किती तास?" मी गप्प बसलो.

आता कबुली देतो. शाळेत असताना मी गावातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तासन्‌ तास बसे. डाख द्यायला तिथेच शिकलो. पुढे वैद्यकीच्या धबडग्यात ते सुटले. दहा-बारा वर्षांपूर्वी ते पुन्हा सुरू झाले, ते हेडफोनचे अॅम्प्लिफायर घरी बनवण्याच्या निमित्ताने. अमेरिकेतील चू मॉय या छांदिष्टाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशा एका छोट्या अॅम्प्लिफायरची आकृती प्रसिद्ध केली. एक आयसी, थोडे रेझिस्टन्स, थोडे कंडेन्सर आणि नऊ व्होल्टची बॅटरी, एवढ्यात काम भागते. जगभर लोकांनी तो पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवला. मी माझ्यासाठी सागवानी पेटी केली, पॉलिश पेपरने घासली, वर लाखेचे पॉलिश चढवले. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. रात्री दवाखाना बंद झाल्यावर किशोरी आमोणकरांचा भूप लावला, की तंबोऱ्याची तार न्‌ तार वेगळी ऐकू येई.

काही वर्षांनी मला वाटू लागले, की आवाजात पूर्वीची लकाकी राहिली नाही. मी आयसी बदलली, कंडेन्सर बदलले, व्हॉल्यूम थोडा वाढवला. पुन्हा बदलले, पुन्हा वाढवला. बिघाड यंत्रात नव्हता, माझ्या कानात होता, आणि ज्याने तो झाला तेच मी वाढवत होतो. आजचा लेख त्यासाठी आहे.

कानात काय होते?

आंतरकर्णात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. मोठ्या आवाजाने त्या थकतात, आणि फार वेळ तसेच चालले तर मरतात. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. जन्मतः मिळालेली पुंजी आयुष्यभर पुरवायची असते. आधी वरच्या पट्टीचा आवाज जातो. त्यामुळे स, श, फ यांसारखी अक्षरे पुसट होतात. "ऐकू येते, पण समजत नाही" ही तक्रार तिथून सुरू होते.

किती आवाज, किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेले माप लक्षात ठेवण्याजोगे आहे. मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबल तितकाच वेळ. पुढचा हिशेब सोपा आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. मोठ्या माणसांसाठी ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, ९२ ला अडीच तास. हे रोजचे नव्हे, आठवड्याचे तास आहेत.

आता अॅम्प्लिफायरकडे वळू. बाजारातले पुष्कळसे हेडफोन अवघ्या १ मिलिवॅट विजेवर १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतात. वीज दहापट केली की १० डेसिबल वाढतात. म्हणजे १०० मिलिवॅटला १२० डेसिबल, जिथे कान दुखू लागतो. उलट ८० डेसिबलला एका मिलिवॅटचा शंभरावा भाग पुरतो. "माझा अॅम्प्लिफायर किती ताकदीचा" या फुशारकीत अर्थ नाही, तो यासाठी.

बनवतानाच लगाम घाला

मूळ आकृतीत आवाजाचा दाब अकरा पट वाढतो. तो दोन रेझिस्टन्सच्या प्रमाणावर ठरतो, १० किलोओहम आणि १ किलोओहम. मी दहाच्या जागी दोनचा घातला, वाढ तीन पटीवर आली. बटण जरासे फिरवले की आवाज अंगावर येतो, ते थांबले. शिवाय शांत खोलीत सुखावह वाटेल त्या जागी बटणाजवळ लाल रंगाचा ठिपका दिला. त्यापुढे जायचे नाही. हेडफोन कानावर असताना हातभर अंतरावरचे साधे बोलणे कळत नसेल, तर आवाज जास्त आहे असे धरून चालावे.

नवीन जोडणी कधीही थेट कानावर लावू नये. आधी मल्टिमीटरने हेडफोनच्या जागी डीसी व्होल्टेज पाहावे. ते २० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसले तर चूक शोधावी. बटण चालू करताना होणारा 'धप्प' आवाजही वाईट, म्हणून आधी चालू करावे, मग कानावर घ्यावे.

डाख, भुसा आणि पॉलिश

डाख देताना उठणारा धूर शिशाचा असतो असा समज आहे. तसे नाही. सोल्डरिंग आयर्नच्या साडेतीनशे अंश उष्णतेला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. तो धूर तारेतल्या राळेचा असतो. त्याने दमा होऊ शकतो, आणि एकदा ती प्रकृती बनली की थोड्या धुरानेही धाप लागते. खिडकी उघडी ठेवावी, धूर तोंडापासून दूर ओढून नेईल असा लहान पंखा लावावा. शिसे पोटात जाते ते हातांवाटे. तार हाताळताना विडी, चहा, शेंगदाणे वर्ज्य. उठल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या टेबलापासून लांब ठेवावे.

लाकडाचा भुसा निरुपद्रवी नाही. शिसवीच्या भुशाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवले. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षे भुशात काम करणाऱ्यांना आहे, तरी घासताना मास्क लावावा आणि टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. लाखेच्या पॉलिशमध्ये स्पिरिट असते, जवळ देवघरातले निरांजनसुद्धा नको. जवसाचे तेल लावत असाल, तर त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

नवशिक्यांनी बॅटरीवरच काम करावे. घरातली वीज आणि डोक्याला लागलेला हेडफोन यांची गाठ घालणे पोरखेळ नव्हे. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ते काही काळ राहतात.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

ऐकून झाल्यावर कानात 'सूं' आवाज येत राहणे, कान दडपल्यासारखे वाटणे, घरच्यांनी "टीव्ही किती मोठा लावता" म्हणणे, ही लक्षणे दिसली तर कानाची तपासणी करून घ्यावी. ती दुखत नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र वाट पाहू नये. त्याच दिवशी तज्ज्ञाला गाठावे, कारण त्यावरचे औषध लवकर सुरू झाले तरच उपयोगाची आशा जास्त.

छंद मी सोडलेला नाही. रात्री एक तास, लाल ठिपक्याच्या अलीकडे. तंबोरा पूर्वीइतका लखलखीत ऐकू येत नाही, आणि येणारही नाही. दवाखान्यात थर्मामीटर वाजला की आता कंपाउंडर मला हाताने खूण करतो. आकृती काढून द्या म्हणून तरुण मुले माझ्याकडे येतात. मी आनंदाने काढून देतो, पण वर आधी दोन किलोओहमचा रेझिस्टन्स लिहितो.