टार्पची दोरी घेताना

पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन ‘नायलॉनची दोरी द्या’ म्हटलं, की समोर येतं ते नायलॉन असेलच असं नाही. पॉलिप्रॉपिलीनची पिळाची दोरी तिथे नायलॉन, पॉलिएस्टरची विणीची दोरीही नायलॉन, आणि खरं नायलॉन तर आहेच. कपडे वाळत घालायला यातलं काहीही चालतं. पावसाळी ट्रेकला डोक्यावर टार्प ताणायचा असेल तर चालत नाही.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत, एका मामांच्या खळ्यावर आम्ही टार्प लावला होता. संध्याकाळी दोऱ्या बोटाने छेडल्या तर वाजतील अशा ताणलेल्या. मध्यरात्री नाकाला गार कापड टेकलं तेव्हा जाग आली. टार्पला पोट सुटलं होतं, त्यात बादलीभर पाणी साचलं होतं, आणि मी हात लावायचा अवकाश, ते सगळं शेजारी झोपलेल्या मित्राच्या स्लीपिंग बॅगवर रिकामं झालं. दोरी कुठे तुटली नव्हती, गाठ सुटली नव्हती, खुंट्याही जागच्या जागी. आरडाओरडा ऐकून मामा बॅटरी घेऊन बाहेर आले. त्यांनी दोरी चिमटीत धरून पाहिली. “आमचं सुंभ पावसात आवळतं,” म्हणाले, “तुमचं उलटंच हाये.”

मामा बरोबर बोलले. काथ्या, ताग, सूत यांचे धागे पाण्याने फुगतात आणि पिळाची दोरी आखडते. सुती तंबूंच्या काळातले लोक पाऊस आला की दोऱ्या सैल करायला सांगत, ते याचसाठी. तोच सल्ला आजही कुणीतरी वडीलधारा देतो आणि नायलॉनवाल्याची रात्र बुडते, कारण नायलॉन पाणी पितं आणि लांबतं. नेहमीच्या दमट हवेत नायलॉन आपल्या वजनाच्या साधारण 4 टक्के ओल धरतं, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. अर्थात सगळं पाप दोरीच्या माथी मारू नये. टार्पचं कापड नायलॉनचं असेल तर तेही भिजल्यावर ढिलं पडतं. पण कापडही नायलॉन आणि दोरीही नायलॉन म्हणजे आधीच उल्हास.

दुसरी खोड ताकदीची. दोरी म्हटली की आपल्याला ती किती किलोला तुटते ते आधी हवं असतं. म्हणून लोक पॅराकॉर्ड घेतात. तिच्या नावातले 550 म्हणजे 550 पौंड, सुमारे 250 किलो. पॅराशूटसाठी जन्मलेली दोरी ती! आपल्या टार्पची खुंटी ओल्या मातीतून त्याच्या कितीतरी आधी उपटून येते. शिवाय ती नायलॉनचीच, आणि मीटरला सहा-सात ग्रॅम भरते. आढ्याची एक लांब दोरी, चार कोपरे आणि बाजूंचे दोन-तीन ताण धरले तर 25 मीटर सहज लागतात. म्हणजे पॅराकॉर्डचे दीडशे ग्रॅमहून अधिक, तर 2 मिलिमीटरच्या विणीच्या पॉलिएस्टरचे त्याच्या निम्मे. डायनीमा आणखी हलकी आणि ओलीही होत नाही. पण ती महाग, आणि इतकी बुळबुळीत की साधी सरकगाठ तिच्यावर टिकत नाही. पाठीवरचं ओझं शेवटच्या ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्यांनी ती खुशाल घ्यावी.

माझं मत विचाराल तर 2 ते 2.5 मिलिमीटरची, विणीची, पॉलिएस्टरची दोरी. स्वस्तात हवी असेल तर ट्रेकिंगच्या दुकानाऐवजी पडद्यांच्या सामानाच्या दुकानात जा आणि ब्लाइंड्सची दोरी मागा. ती बहुधा पॉलिएस्टरची असते. दीड मिलिमीटरच्या खाली उतरू नका. बारीक दोरी बोटं कापते, सॅकमध्ये गुंता करते आणि तिची भिजलेली गाठ गारठलेल्या हातांनी सुटत नाही. गवंड्याची लाइनदोरी याच कारणाने मी सोडली.

दुकानदाराच्या शब्दावर न जाता तुकडाभर दोरी घरी आणून बघा. पेलाभर पाण्यात टाकून बोटांनी दाबा, आतली हवा निघू द्या. तरंगली तर पॉलिप्रॉपिलीन. ही दोरी भिजून लांबत नाही, हा तिचा गुण. पण ती ताठर असते, गाठ नीट धरत नाही, आणि उन्हाने तिचा भुगा होतो. गच्चीतल्या जुन्या दोरीची कुसळं हाताला टोचतात ना, तेच. बुडाली तर खिडकीच्या गजाला मीटरभर दोरी बांधून खाली पाण्याची लिटरची बाटली लटकवा, बाटलीचा तळ येतो तिथे भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारा, मग दोरी चिंब करून रात्रभर ठेवा. सकाळी तळ रेघेखाली बोटभर उतरला असेल तर ती दोरी गच्चीतच राहू दे.

सह्याद्रीच्या सड्यांवर आणखी एक अडचण. कातळात खुंटी शिरत नाही, म्हणून दोरी दगडाला बांधावी लागते आणि बसाल्टची धार वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर तिला करवतीसारखी कापते. दोरी मोठ्या दगडाला गुंडाळू नका. तिच्या टोकाच्या फासात एक लहान गुळगुळीत दगड किंवा काठीचा तुकडा अडकवा आणि मोठा धोंडा त्याच्या पुढ्यात, टार्पच्या बाजूला, दोरीवर ठेवा. ताण आला की लहान दगड धोंड्याला मागून अडतो.

चांगल्या दोरीलाही रात्रीतून थोडी ढिलाई येतेच. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा, तिच्या बोटभर रुंदीच्या चकत्या कापा आणि दोरी व खुंटी यांच्या मध्ये एकेक घाला. चकती ताणूनच लावायची, म्हणजे दोरी सैलावली की ती आखडते आणि ताण राखते. त्याच फेरीत नंबरप्लेटवाल्याकडून रेडियमची पट्टी आणून प्रत्येक दोरीला गुडघ्याच्या उंचीवर चिकटवा. रात्री लघवीला उठलेला माणूस सगळ्यात आधी दोरीतच अडकतो. तुकड्यांची टोकं लायटरने वितळवून बंद करा, पण वितळलेलं टोक बोटांनी वळायला जाऊ नका. तो थेंब कातडीला चिकटतो आणि चटका देऊनच सुटतो. चमच्याच्या पाठीने दाबा.