२९ जुलै : एक तारीख, चार आठवणी



शाळेच्या फळ्यावर सुविचाराखाली दिनविशेष लिहिलेला असतो. 'आज अमुक यांची पुण्यतिथी' एवढे वाचून आपण वर्गात जातो आणि दुपारपर्यंत ते नाव विसरतो. म्हणून या पाठात आपण एकच तारीख घेऊ, २९ जुलै. या तारखेला वेगवेगळ्या वर्षी निधन पावलेल्या चौघांची ओळख करून घेऊ. त्यांतील एकाचे आपल्या सिल्वासावर मोठे ऋण आहे.

आधी एक छोटी गोष्ट समजून घेऊ. पुण्यतिथी हा शब्द पंचांगातील तिथीवरून आला आहे. इंग्रजी तारखेप्रमाणे आठवण करायची असेल, तर स्मृतिदिन हा शब्द अधिक नेमका आहे. आणि एकाच तारखेला चौघे गेले, यात काही चमत्कार नाही. वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसे अगणित, तेव्हा असे योग येणारच.

अरुणा असफअली (निधन १९९६)

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे गांधीजींसह सर्व मोठ्या नेत्यांना अटक झाली. त्या सकाळी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अरुणाताईंनी तिरंगा फडकावला. पुढे त्या भूमिगत झाल्या. सरकारने त्यांची मालमत्ता जप्त केली, तरी त्या शरण गेल्या नाहीत. १९५८ साली त्या दिल्लीच्या पहिल्या महापौर झाल्या. १९९७ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले.

जॉनी वॉकर (निधन २००३)

यांचे खरे नाव बद्रुद्दीन काझी. मुंबईत बेस्टच्या बसमध्ये ते कंडक्टर होते आणि प्रवाशांना नकला करून हसवत. अभिनेते बलराज साहनी यांनी हा गुण हेरला व त्यांना गुरुदत्त यांच्याकडे पाठवले. १९५१ च्या 'बाजी'पासून त्यांची वाटचाल सुरू झाली. १९७१ च्या 'आनंद' चित्रपटात ते इसाभाई सुरतवाला झाले. ती भूमिका हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घटकाभर हसवणे हेही कामच आहे, आणि ते सोपे नाही.

राजमाता गायत्रीदेवी (निधन २००९)

जयपूरच्या या महाराणी आईकडून आपल्या जवळच्या. त्यांच्या आई इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. राजघराण्यांत पडदा पाळला जात असे, त्या काळात, १९४३ साली, गायत्रीदेवींनी जयपुरात मुलींची शाळा काढली. १९६२ साली त्या विक्रमी मताधिक्याने लोकसभेवर निवडून आल्या. आणीबाणीत त्यांना तिहार तुरुंगात राहावे लागले.

सुधीर फडके (निधन २००२)

आता आपल्या बाबूजींकडे येऊ. जन्म कोल्हापूरचा, २५ जुलै १९१९. 'गीतरामायण' म्हटले की ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींचे स्वर आठवतात. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली वर्षभर चाललेल्या त्या मालिकेत ५६ गीते होती. परंतु त्याच्या आदल्या वर्षी हा गायक काय करत होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

१९५४ साली दादरा आणि नगरहवेली पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. २२ जुलैला दादरा मुक्त झाले. २८ जुलैला नरोली मुक्त झाली. सिल्वासासाठी राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर आदी स्वयंसेवकांनी तयारी केली होती आणि त्यांत सुधीर फडके होते. या कामासाठी पैसा हवा होता. त्यासाठी लता मंगेशकर यांनी पुण्यात कार्यक्रम केला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासावर तिरंगा फडकला. पळून गेलेला पोर्तुगीज अधिकारी फिदाल्गो ११ ऑगस्टला शरण आला. बाबूजी तेव्हा नुकतेच पस्तीस वर्षांचे झाले होते. पुढे आठ महिन्यांत, १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी 'गीतरामायण' सुरू झाले.

त्यांचे काम तेथेच संपले नाही. गोवा मुक्त झाल्यावरही मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. त्यांच्या सुटकेसाठी बाबूजींनी अनेक वर्षे खटपट केली. १९६९ साली रानडे सुटले.

कोणत्या रकान्यात लिहाल?

दिनविशेषाच्या वहीत आपण कलावंत आणि देशसेवक असे दोन रकाने आखतो. अरुणाताई एका रकान्यात, जॉनी वॉकर दुसऱ्या रकान्यात सहज बसतात. बाबूजींना कोठे लिहाल? आम्हाला वाटते, तो मधला रेघेचा भागच पुसावा. माणूस केव्हा गेला, हे तारखेवरून कळते. तो कोणासाठी झिजला, हे आपण शोधावे लागते. बाबूजींचा जन्मदिन २५ जुलै, स्मृतिदिन २९ जुलै आणि आपला मुक्तिदिन २ ऑगस्ट. नऊ दिवसांत हे सारे येते. मुक्तिदिनाला झेंड्याला वंदन करताना त्यांचे आणि त्यांच्या साथीदारांचे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

पालकांना व विश्वस्तांना एक विनंती. १९५४ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी पाहिलेले आणि ऐकलेले त्यांच्याबरोबर निघून जाईल. ते आताच लिहून घेऊन शाळेच्या ग्रंथालयात ठेवू या.

स्वाध्याय

१. स्मृतिदिन आणि पुण्यतिथी यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
२. चौघांपैकी एकाविषयी फळ्यावर लिहिण्याजोगे एक वाक्य तयार करा. त्यात त्या व्यक्तीचे काम आले पाहिजे.
३. घरातील किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारा : पोर्तुगीज अमलातील कोणती गोष्ट त्यांना आठवते किंवा त्यांनी ऐकली आहे? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.