श्रवणयंत्र : वय आणि वापर

औषधाचे ‘आठ थेंब’ घ्यावयाचे की ‘साठ थेंब’, हे घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस नीट उमगले नाही, तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको. ‘साठ’ या शब्दातील ‘स’ हा ध्वनी उच्च कंप्रतेचा व क्षीण असतो. वाढत्या वयात प्रथम असेच ध्वनी ऐकू येईनासे होतात आणि ‘साठ’चे ‘आठ’ होते. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही वृद्धांची नेहमीची तक्रार यातूनच उद्भवते. आवाज कानी पडत असल्यामुळे श्रवणदोष निर्माण झाला आहे, हे ना त्यांस पटते, ना घरच्यांस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषामुळे पुनर्वसनाची गरज आहे. साठी ओलांडलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोकांस हा दोष असतो. मात्र तो केवळ वार्धक्याचा समजणे चुकीचे होय.

तरुण वय

वीस ते चाळीस या वयोगटात फुटणारा कान, पडद्यास पडलेले छिद्र किंवा मधल्या कानातील हाडाची हालचाल थांबणे ही कारणे आढळतात. यांतील अनेक दोष औषधोपचाराने वा शस्त्रक्रियेने दूर होऊ शकतात. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. कानाला लावून मोठ्या आवाजात संगीत ऐकण्याची सवय हा या वयातील नवा धोका आहे. आठवड्यास चाळीस तासांपर्यंत ८० डेसिबल ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित मानली आहे. या वयात यंत्र टाळले जाते ते मुख्यत्वे नोकरी व विवाह यांच्या चिंतेने.

मध्यम वय

आंतरकर्णातील शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. सततच्या गोंगाटाने त्या नष्ट होतात आणि पुन्हा निर्माण होत नाहीत. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमागांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. कामाच्या वेळी कानांत बोळे अथवा कर्णरक्षक वापरणे, हाच यावरील खरा उपाय होय. कामगार मोठ्याने बोलू लागतो, घरी रेडिओचा आवाज वाढवतो. पण ‘काम अडत नाही’ म्हणून तपासणी लांबणीवर पडते.

उतारवय

साठीनंतर दोन्ही कानांचे श्रवण हळूहळू मंदावते. संभाषण टाळले जाते, माणूस घरातच एकाकी पडतो. श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, परंतु टाळता येण्याजोग्या घटकांपैकी एक असल्याचे ‘लॅन्सेट’ आयोगाने २०१७ पासून वेळोवेळी नमूद केले आहे. या वयात अडचण लाजेची कमी आणि विलंबाची अधिक असते. ध्वनी ओळखण्याची मेंदूची सवय दीर्घकाळ मोडलेली असल्यामुळे यंत्र लावताच भांड्यांचा व पंख्याचा आवाज असह्य वाटतो, आणि यंत्र कपाटात जाते.

सवय हाच उपाय

चष्मा लावताच स्पष्ट दिसते, तसे श्रवणयंत्राचे नसते. ते ध्वनी मोठा करते. गेलेले श्रवण परत आणीत नाही. म्हणून प्रारंभी शांत खोलीत, एकाच व्यक्तीशी बोलताना, दररोज तास-दोन तास ते लावावे व हळूहळू वेळ वाढवावी. चारचौघांत व बाजारात त्याचा वापर नंतर करावा. श्रवणालेखाविना दुकानातून यंत्र घेऊ नये. काही आठवड्यांनी तज्ज्ञाकडून ते पुन्हा जुळवून घ्यावे. कानातील साच्यात मळ साचू देऊ नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रात्री घट किंवा बॅटरी काढून यंत्र कोरड्या डबीत ठेवावे. घरच्यांनीही ओरडू नये. समोर बसून, तोंड दिसेल अशा रीतीने, सावकाश बोलावे.

एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर मात्र वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे. असे उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक गुणकारी ठरतात.

उपलब्ध साहाय्य

मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणतपासणी व पुनर्वसनाचे कार्य करते. १९८१ पासूनच्या केंद्रीय साहाय्य योजनेतून गरजू दिव्यांगांना श्रवणयंत्रे देण्यात आली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी तीन हजार रुपयांची तरतूद करण्यात आली.

तथापि, यंत्र मिळाल्याने कार्य संपत नाही. वेळेवर तपासणी, योग्य जुळणी आणि घरच्यांचा धीर यांची जोड मिळाली, तरच ते कपाटात न राहता कानावर राहील. आणि घरातील संभाषणात वृद्धांचे स्थान अबाधित राहील.