जिभेला भगदाड, तळपायाला काहीच नाही

दाढेचा टवका उडाला की माणूस आरशात बघायच्या आधी जिभेने चाचपतो आणि हबकतो. “डॉक्टर, अर्धी दाढच गेली!” बॅटरी मारून पाहावं, तर टवका तांदळाच्या कणीएवढा.

रुग्ण खोटं बोलत नसतो. जिभेच्या टोकाला साधारण एक मिलिमीटर अंतरावरचे दोन स्पर्श वेगवेगळे कळतात. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर लागतात, तर पाठीवर चार सेंटिमीटरवर टेकवलेली दोन टोकंही कित्येकदा एकच वाटतात. जिथे संवेदना दाट, तिथे तीच वस्तू मोठी भासते. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी कंपासची दोन टोकं कातडीवर टेकवून याचा अभ्यास केला आणि १८३४ मध्ये तो प्रसिद्ध केला. घरी करून पाहायचं तर दोन बोथट काड्या दोन बोटं अंतरावर धरा. डोळे मिटलेल्या माणसाच्या हातावर त्यांची टोकं आडव्या रेषेत टेकवा, आधी कोपराखाली आणि मग तळहातावर. तळहातावरचं अंतर बहुतेकांना जास्त वाटतं.

भूल दिल्यावर ओठ सुजल्यासारखा वाटतो, तोही भासच. आरशात बघा, ओठ होता तेवढाच असतो. मात्र बधिरपणा तीन-चार तासही टिकतो, तोवर गरम चहा नको; आणि लहान मुलं गंमत म्हणून ओठ चावत बसतात, तिकडे लक्ष ठेवा.

इथवर सगळं गमतीचं. मला खरी काळजी आहे ती उलट्या प्रकाराची. जुन्या मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर होतात, मग चपलेतला खडा खड्याएवढाही लागत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून आलेल्यांना घरी गेल्यावर फोड दिसतात. “दुखत नाही, म्हणजे छोटंच असेल” हा हिशेब इथे चालत नाही. रोज रात्री तळपाय उजेडात बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा. चप्पल झटकूनच घाला. पाय शेकायचं पाणी पायाने तपासू नका. जखम दिसली तर ती दुखायची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा मोनोफिलामेंट तपासणी मागून घ्या. नायलॉनचा बारीक धागा तळपायाला टेकवतात. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांचं काम.