पाण्यावरची वाट

(प्रस्तुत पाठ हे एक प्रवासवर्णन आहे. भोर व वेल्हे या तालुक्यांतील धरणांच्या पाण्यावरून लेखक व त्यांच्या पत्नीने केलेल्या प्रवासाची हकीकत येथे सांगितली आहे. सहलीला आलेल्या माणसाला पाणी कसे दिसते आणि पाण्याकाठी राहणाऱ्या माणसाला ते कसे दिसते, याकडे वाचताना लक्ष द्या.)

बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन. मुंबईजवळचे घारापुरी किंवा मुरूडजवळचा जंजिरा पाहायचा असेल, तर बोटीत बसावेच लागते. परंतु पाण्याने वाट अडवलेली गावे पाहण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या तालुक्यांत समुद्र नाही. तेथे डोंगर आहेत, किल्ले आहेत आणि डोंगरांमध्ये अरुंद खोरी आहेत. या खोऱ्यांत मोठी धरणे बांधली गेली. खोरी पाण्याने भरली. जुन्या पायवाटा बुडाल्या. समोरासमोरची गावे एकमेकांना दिसत असूनही दूर झाली. ती बेटे नव्हती, पण बेटांसारखी झाली.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी पत्नी या भागात गेलो. आम्ही दोघेही पुण्यातील एका उर्दू शाळेत शिकवतो. ती इतिहास शिकवते आणि मी मराठी शिकवतो. कोकणात जावे आणि एकामागून एक बेटे पाहावीत, असे आमच्या मनात होते. पण हाताशी दोनच दिवस होते. तेव्हा ती म्हणाली, "समुद्र लांब आहे, पण लाँच तर जवळ आहे ना! आपण भाटघरला जाऊ या."

स्वारगेटहून एस.टी.ने आम्ही भोरला पोहोचलो. भोर हे नीरा नदीच्या काठचे जुने गाव. १९४८ सालापर्यंत येथे पंतसचिवांचे संस्थान होते. त्यांचा राजवाडा आजही उभा आहे. भोरपासून जवळच वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे.

हे धरण का बांधले गेले, ते समजून घेण्यासारखे आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून मेली. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखाला कालव्याने पाणी द्यावे, या विचाराने त्यानंतर भाटघरला एक धरण बांधण्यात आले. पुढे ते अपुरे पडू लागले. म्हणून १९१२ साली त्याच नदीवर नव्या, मोठ्या धरणाचे काम सुरू झाले व १९२७-२८ च्या सुमारास ते पूर्ण झाले. हे दगडी धरण दीड किलोमीटरहून अधिक लांब आणि सुमारे ५८ मीटर उंच आहे. त्यात सुमारे २३.५ अब्ज घनफूट पाणी मावते. हे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण या भागांत जाते. तेथील ऊस या पाण्यावर वाढतो.

आम्ही काठावर गेलो, तेव्हा लाँच उभी होती. मोठी नव्हती. वर पत्र्याचे छप्पर, दोन्ही बाजूंना लाकडी बाके आणि मागे धडधडणारे इंजिन. आम्ही सोडून बहुतेक उतारू गावचे होते. कोणाजवळ पिठाची गोणी होती, कोणाजवळ दुधाचे रिकामे कॅन. एका आजीबाईंच्या मांडीवर पणत्यांची टोपली होती. सुट्टीसाठी घरी निघालेली दोन मुले दप्तरे उशाला घेऊन चक्क झोपली होती. आम्ही दोघे मात्र उभे राहून चहूकडे पाहत होतो. आमच्यासाठी ती सहल होती. त्यांच्यासाठी तो रोजचा रस्ता होता.

लाँचवर एक वयस्कर खलाशी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. पत्नीने त्यांना विचारले, "आबा, ते चाक कशाचे आहे?"

"ते सुकाणू, बाई. लाँच वळवायची ती त्याच्यावर."

पत्नी माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? खलाशी, सुकाणू, किनारा! हे तर सगळे आपले शब्द आहेत."

आबा हसले. "तुमचे कसे? माझा आजासुद्धा हेच बोलायचा."

मी म्हणालो, "आबा, दोघांचेही खरे आहे. हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत राहिले. आता ते पाहुणे नाहीत, घरचेच आहेत."

लाँच पाणी कापत पुढे निघाली. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर होते. पिवळे पडलेले भाताचे तुकडे उतारावर चमकत होते. एका ठिकाणी आबांनी हात जोडले. आम्हांला तेथे पाण्याशिवाय काही दिसेना. ते म्हणाले, "इथे खाली कांबरेश्वराचे देऊळ आहे. आता ते पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. तेव्हा लोक दर्शनाला येतात."

"आणि तेव्हा लाँच कुठे लागते?" मी विचारले.

"पाणी जाईल तिथे! पावसाळ्यानंतर लाँच थेट गावाजवळ जाते. उन्हाळ्यात काठ खाली सरकतो. मग उतारूंनी चिखल तुडवत वर जायचे. आमचा धक्का कधी एका जागी राहत नाही, गुरुजी."

काठावर पाणी उथळ दिसत होते. पत्नी म्हणाली, "परत जाताना जरा पाण्यात पाय सोडून बसू."

आबांनी लगेच मान हलवली. "तसे करू नका, बाई. खाली जुनी शेते आहेत. शेतांना बांध आहेत. एका पावलाला पाणी गुडघ्याएवढे असते, दुसऱ्या पावलाला डोक्यावरून जाते. वर गाळ. पाय रुतला की निघत नाही."

आबांचे हे बोलणे आम्ही विसरलो नाही. मे २०२२ मध्ये याच धरणात पाच तरुण स्त्रिया बुडाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा ते शब्द पुन्हा कानांत घुमले. धरणाचे पाणी शांत दिसते, म्हणून ते सुरक्षित असते असे नाही.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला भुतोंडे गाव आहे. शिवाजी महाराजांच्या पायदळाचे सरनौबत येसाजी कंक हे याच गावचे. १६७७ साली महाराज कुतुबशहाच्या भेटीला गोवळकोंड्याला गेले, तेव्हा येसाजींनी मस्त हत्तीशी एकट्याने झुंज दिली, अशी कथा सांगतात. भाटघरच्या जलाशयाला त्यांचेच नाव दिले आहे. या गावापलीकडच्या डोंगरावर राजगड किल्ला आहे. रायगडापूर्वी महाराजांची राजधानी तेथे होती.

दुपार कलली. परतीची लाँच निघाली. किनारा थोडा मागे पडला असेल, तोच वरच्या उतारावरून हाक आली, "थांबाऽ! थांबाऽ!" एक तरुण बाई लहान मुलाला छातीशी धरून धावत येत होती. तिच्यामागे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत येत होते.

आमच्याप्रमाणेच फिरायला आलेले एक गृहस्थ घड्याळाकडे पाहून म्हणाले, "आता वळू नका हो. आमची एस.टी. चुकेल."

आबा शांतपणे म्हणाले, "साहेब, एस.टी. चुकली तर दुसरी येते. लाँच चुकली तर आडवे पाणी असते. पोहून कोण जाणार?"

चालकाने सुकाणू फिरवले. लाँच पुन्हा काठाला लागली. मुलाला सकाळपासून ताप होता आणि आता त्याचे अंग भाजत होते. बाई धापा टाकत होती. पत्नीने मुलाला मांडीवर घेतले. आजीबाई असलेल्या बाकावरच्या एका बाईने बाटलीतले पाणी पदरावर ओतून पदराची घडी त्याच्या कपाळावर ठेवली. मघाचे गृहस्थ काही न बोलता उठले आणि त्यांनी म्हाताऱ्यांना बसायला जागा दिली. नंतर कोणीही वेळेची गोष्ट काढली नाही. सकाळी ज्या पाण्यावर आम्हांला ऊन चमकताना दिसले, तेच पाणी आता संपता संपेना.

धरणाच्या बाजूला पोहोचलो, तेव्हा एस.टी. खरोखरच गेली होती. दुधाचा एक टेम्पो भोरला निघाला होता. आबांनी त्याला हात केला आणि मायलेकरांना पुढे बसवले. आम्ही पुढच्या गाडीने भोरला गेलो व तेथेच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोरच्या स्थानकावर तेच म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांच्या हातात औषधाची पिशवी होती. पत्नीने विचारण्याआधीच ते म्हणाले, "उतरला ताप. रात्री पेज प्याला." एवढे सांगून ते घाईने निघून गेले.

त्या दिवशी आम्ही नसरापूरमार्गे वेल्ह्याला गेलो. तोरणा किल्ल्याच्या पायथ्याचे हे गाव. या तालुक्याचे नाव आता राजगड असे ठेवण्यात आले आहे. तेथून पाबे घाट ओलांडून आम्ही पानशेतला पोहोचलो. आंबी नदीवर पानशेतचे धरण आहे आणि शेजारच्या खोऱ्यात मोसे नदीवर वरसगावचे. एकाच्या जलाशयाला तानाजी मालुसरे यांचे नाव आहे, तर दुसऱ्याच्या जलाशयाला बाजी पासलकर यांचे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. नदीकाठच्या पेठांत घरे कोसळली, हजारो माणसे बेघर झाली. पुढे दोन्ही धरणे पुन्हा बांधण्यात आली. आज पुणे शहराला पिण्याचे पाणी या धरणांतूनही मिळते.

पानशेतच्या पाण्यावरही आम्ही नावेतून फेरी मारली. नाव चालवणारा मुलगा समोरच्या तीराकडे बोट दाखवून म्हणाला, "आमची जुनी शेती तिकडे होती. आता ती पाण्याखाली आहे." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याने ती शेती पाहिलेलीही नव्हती. आजोबांकडून ऐकलेली जागा तो आम्हांला दाखवत होता.

पत्नी बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "आपल्या घरी नळाला येते ते हेच पाणी ना?"

मी म्हणालो, "हो, हेच."

आता या भागातील बऱ्याच गावांना रस्ते झाले आहेत. पण डोंगरातला रस्ता वळसे घेत जातो आणि पाणी मध्ये आडवे असतेच. या गावांनी आपल्या जमिनी दिल्या, म्हणून दूरच्या शेतांत ऊस उभा राहिला आणि शहरांतील नळांना पाणी आले. त्यांच्या वाट्याला पाण्यावरची वाट आली. त्या वाटेने आपण कधी सहलीला गेलात, तर बाकावर थोडे सरकून बसा. शेजारचा उतारू कदाचित सहलीला निघालेला नसेल.

शब्दार्थ

खोरे – दोन डोंगरांमधील नदीचा सखल प्रदेश
मुलूख – प्रदेश
उतारू – प्रवासी
सुकाणू – नाव वळवण्याचे साधन
धक्का – नाव किंवा लाँच लागण्याची जागा
बांध – शेताच्या कडेची मातीची किंवा दगडांची उंच कड
सरनौबत – सेनेचा प्रमुख
पेज – तांदळाची पातळ कांजी
हाहाकार उडणे – सगळीकडे आकांत होणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाटघरचे धरण कोणत्या नदीवर आहे?
(आ) आबांनी पाण्याकडे पाहून हात का जोडले?
(इ) पानशेतचे धरण केव्हा फुटले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) "आमचा धक्का कधी एका जागी राहत नाही," असे आबा का म्हणाले?
(आ) धरणाच्या काठावर पाण्यात उतरणे धोक्याचे का असते?
(इ) भाटघरचे धरण बांधण्यामागे कोणता विचार होता?

३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "लाँच चुकली तर आडवे पाणी असते."
(आ) "उतरला ताप. रात्री पेज प्याला."

४. पुढील मराठी शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
किनारा, जमीन, मुक्काम, किल्ला, तालुका

५. विचार करा व लिहा.
तुमच्या घरी येणारे पाणी कोठून येते? ते जेथून येते, तेथील लोकांची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.