दुखणारे सांधे आणि कामाचे शास्त्र

गणेशोत्सव जवळ आला की पेणच्या मूर्तिशाळांतील हात थांबत नाहीत. शाडू मळणे, कोरणीने बारीक रेषा काढणे ही कामे बोटांच्या लहान सांध्यांवर चालतात. तिकडे रोह्याच्या भातखाचरांत लावणीसाठी माणसे तासन्‌तास वाकलेली असतात. अशा हातांना किंवा गुडघ्यांना संधिवात जडला तर नुसते दुखणे येत नाही, रोजीच अडते.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते व मध्ये वंगणासारखा द्रव असतो. कूर्चा झिजली की हालचाल दुखरी होते. आमवातात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्यावर औषधे डॉक्टरच देतात. पण औषध चालू असताना काम कसे करावे? हे शिकवणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. या विषयाचे भारतातील पहिले विद्यालय कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले.

व्यवसायोपचारतज्ज्ञ रुग्णाचे काम आधी नीट पाहतो, मग त्यात बदल सुचवतो. कोरणीच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. भरलेले पातेले एका हाताने दांड्याला धरून न उचलता दोन्ही तळव्यांवर घ्यावे. पिशवी बोटांत न लटकवता कोपराजवळ अडकवावी. उकिडवे बसण्याऐवजी स्टूल घ्यावे. सांधा फार दुखत असेल तर त्याला आधारपट्टी द्यावी. एकच काम सलग न करता मधून विसावा घ्यावा. या उपायांनी रोग बरा होत नाही; पण सांध्यावरचा ताण घटतो आणि काम चालू राहते.

यामागे तुमच्या पुस्तकातलेच भौतिकशास्त्र आहे. वस्तू फिरवण्याचा परिणाम म्हणजे बल गुणिले त्रिज्या. 1 सें.मी. व्यासाची मूठ 3 सें.मी. केली, तर तेवढ्याच परिणामाला एक-तृतीयांश बल पुरते.

करून पाहा : एका मित्राला पेचकसाची जाड मूठ व दुसऱ्याला तिची बारीक दांडी धरायला सांगा. दोघांनी उलट दिशांना पिळावे. कोण जिंकतो आणि का, ते वहीत लिहा. मग घरी आजीला पोळ्या लाटताना, नळ फिरवताना पाहा. तिचा कोणता सांधा सर्वांत जास्त राबतो? त्याचा भार हलका करण्याची एक युक्ती तुम्हीच शोधा.